एक पेला जास्त

पथेनच्या पगोड्यात शनिवारचा कोपरा नैर्ऋत्येला आहे.
तिथे एक दगडी नाग, फणा काढून बसलेला,
लोकांच्या पाण्यानं नाकाड गुळगुळीत झालेला.
नीलार त्याच्यासमोर उभी आहे, हातात पत्र्याचा पेला.
रीत अशी की वयाइतके पेले ओतायचे, वर एक जास्त.
एकोणतीस आणि एक.
तो एक कशासाठी, हे तिनं कधी विचारलं नाही.
व्याज असेल.

मोठी मावशी म्हणायची,
शनिवारची पोर, त्यात पहिली, घराला चटका देणार.
म्हणून नाव ठेवलं नीलार, म्हणजे नीलम.
त्याचाच ग्रह, त्याचाच खडा,
काट्यानं काटा काढावा तसं.
ती हसायची. यांगूनला गेली.
मोबाइलचं दुकान, मग हॉटेलचा काउंटर, मग विमा कंपनी,
मग पुन्हा मोबाइलचं दुकान, दुसऱ्या रस्त्यावरचं.
बापाचा फोन आला की, नंतर करते हं.

बाप छत्र्या करायचा. बांबूच्या काड्या, सुती कापड,
वरून रानफळाचा चीक.
एक हात द्यायचा, उन्हात वाळवायचं,
मग दुसरा, मग तिसरा.
घाई केली की कापड तडकतं.
हे तिला पाठ होतं,
शाळेतल्या नद्यांची नावं पाठ असतात तसं.

मग ऊ तिन मांगची उजवी बाजू गेली.
आता तो अंगणभर फिरतो, पाय ओढत,
वाळत घातलेल्या छत्र्यांच्या मधून.
एका छत्रीपासून दुसरीपर्यंत अडीच मिनिटं.
बोलता येत नाही. बघतो.
ती पाठमोरी असली तरी तिला कळतं, बघतोय.

पगोड्याच्या जिन्यावरच्या ज्योतिष्यानं पाटीवर आकडे मांडले,
पुसले, पुन्हा मांडले.
तुझ्या जन्मीच्या घरात परत आलाय, म्हणाला.
कधी जाईल?
बाई, लंगडा आहे तो. जा काय म्हणतेस,
बसायला पाट दे.
आणि तीन हजार च्याट घेतले.

चैत्रातल्या उन्हाच्या भरवशावर
तिनं चाळीस छत्र्या दोनच हात देऊन पाठवल्या,
ङ्वेसाउंगच्या हॉटेलात, किनाऱ्यावर.
पंधरा दिवसांत सगळ्या परत. कापडाला भेगा,
टाचांना पडतात तशा.
को फो वाकडे बोट दाखवता आलं असतं, चीक त्यानं लावला होता.
विम्याच्या कंपनीत हे ती सहज करायची.
इथे को फो वा समोर उभा होता, नखांत चीक,
आणि वहीत सही तिची.

मोटरसायकल विकली. चौघांचा पगार भागला.
रात्री ती एकटीच बसली कापड सोलत,
तर मागून पाय ओढल्याचा आवाज.
बाप शेजारी बसला, बसायलाच कितीतरी वेळ लागला,
आणि डाव्या हातानं, वेडंवाकडं,
दुसरी छत्री सोलायला घेतली.
पहाटेपर्यंत त्याच्या चार झाल्या, तिच्या सोळा.
वीस राहिल्या. उद्या.

आज तोही आलाय, चपला काढायला तिनं मदत केली.
तोही शनिवारचा. एकोणसाठ.
तिच्या वयाचा असताना तो इथे आला होता,
तेव्हाचा त्याचा जास्तीचा पेला
मावशीच्या मांडीवर रडत होता.

ती ओतते. सतराव्याला मोजणी चुकली.
पुन्हा पहिल्यापासून.
स्वतःचे झाले की त्याचे, साठ,
खांदा भरून आला, मागे रांग वाढली,
एक बाई पुटपुटली, किती वेळ.
नागाच्या तोंडावरून पाणी हळू उतरत राहिलं,
त्याला कसलीच गडबड नव्हती.

शेवटचा पेला तिनं बापाच्या डाव्या हातात दिला.
निम्मं पाणी तिच्याच मनगटावर सांडलं.
उरलेलं पोचलं.